हेर मध्येच निघून जातो

रहस्यकथा म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे बाबुराव अर्नाळकरांचा झुंझार यायचा, नाहीतर शेरलॉक होम्स. भानगड कितीही गुंतागुंतीची असो, हा गडी आला की निकाल लागणार, या भरवशावर आमची पिढी वाचत आली. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ मात्र हातात पडली ती पार पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आणि तीही फोर्टच्या फुटपाथवर स्वस्तात मिळाली म्हणून. 1868 ची कादंबरी, होम्स जन्माला येण्याच्या 19 वर्षं आधीची. डिकन्सच्या साप्ताहिकात ती क्रमशः येत होती आणि तेव्हा कॉलिन्स संधिवातानं इतका हैराण होता की काही भाग त्यानं अंथरुणातून सांगून लिहवून घेतला. दुखण्यावर तो अफूचा अर्क घ्यायचा. ही अफू लक्षात ठेवा, एवढंच सांगते.

सुरुवात आपल्याकडेच होते. 1799. श्रीरंगपट्टण पडलंय, लूट चाललीय, आणि हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी रक्ताळलेली कट्यार घेऊन तीन हिंदी पहारेकऱ्यांपाशी उभा दिसतो. दोघे मेलेले, तिसरा शेवटच्या घटका मोजतोय. कट्यारीच्या मुठीत पिवळा हिरा. तो मूळचा म्हणे सोमनाथच्या चंद्रदेवाच्या कपाळावरचा. इथं मी थबकलेच. सोमनाथ म्हणजे बारा ज्योतिर्लिंगांतलं पहिलं. तिथं चार हातांची चंद्राची मूर्ती कुठून आली? त्यात हिऱ्याच्या राखणीची आज्ञा द्यायला पुजाऱ्यांच्या स्वप्नात येतो तो विष्णू! कॉलिन्सनं हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता हे सांगायला दुसरा पुरावा नको. मनाशी हसून पुढे गेले.

पुढची गोष्ट 1848 ची, यॉर्कशरमधल्या एका बड्या घरातली. रेचेल व्हेरिंडरला अठराव्या वाढदिवशी हर्नकॅसलच्या, म्हणजे तिच्या मामाच्या मृत्युपत्रातून हा हिरा मिळतो आणि त्याच रात्री तिच्या खोलीतून नाहीसा होतो. ही हकिकत कॉलिन्स स्वतः सांगत नाही. ज्यानं जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच त्यानं लिहायचं, असा दंडक घालून तो एकेका साक्षीदाराला पुढे करतो. पहिला येतो म्हातारा कारभारी बेटरेज. तोंडात पाइप, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीला ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडून उत्तर शोधायची सवय. दर चार पानांनी तो विषय सोडून भरकटतो. मी हेराची वाट पाहत होते आणि हा मला घरातल्या बायकांचे स्वभाव ऐकवत होता. तरी पुस्तक खाली ठेववेना.

शंभर पानं उलटून गेल्यावर स्कॉटलंड यार्डचा सार्जंट कफ एकदाचा आला. हडकुळा, उदास, आणि आल्या आल्या माळ्याशी गुलाबाच्या वाफ्यांवरून वाद घालणारा. दाराच्या ताज्या रंगाला कुणाच्या तरी कपड्याचा फराटा लागलेला असतो. स्थानिक पोलीस अधिकाऱ्याला तो क्षुल्लक वाटतो. कफ तिथंच अडून बसतो. रंग कधी दिला, वाळायला किती वेळ लागतो, म्हणजे फराटा रात्री किती वाजल्यानंतर पडला असेल, हा हिशेब तो असा मांडतो की मी कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याबरोबर बसले. आता रंग लागलेला कपडा सापडला की झालं. धोब्याच्या वहीशी घरातले कपडे ताडून पाहायचे. सगळं कसं रीतसर.

आणि निम्मं पुस्तक व्हायच्या आत कफ निघून जातो. तपास अर्धवट, संशय भलत्याच माणसावर. मला फसवल्यासारखं वाटलं. झुंझार असा गेला असता तर वाचकांनी पैसे परत मागितले असते.

नंतर वाचनात आलं की कफमागे खरा माणूस होता. 1860 मध्ये रोड गावच्या एका घरात लहान मुलाचा खून झाला. जोनाथन विचर या इन्स्पेक्टरनं धुण्याच्या यादीतून गायब झालेल्या एका नाइटगाउनवरून घरातल्याच मुलीवर बोट ठेवलं. बड्या घरच्या मुलीवर आळ घेतला म्हणून त्याचीच छी-थू झाली. पाच वर्षांनी तिनं गुन्हा कबूल केला. हे कळल्यावर कफचं जाणं मला अगदी पटलं. श्रीमंताच्या घरात चौकशीला आलेल्या पगारी माणसाची ताकद तेवढीच असायची.

तो गेल्यावर मग वाचकालाच काम करावं लागतं. या साक्षीदाराचं त्या साक्षीदाराशी जुळवायचं. कुणी खोटं बोलत नाही, पण पुरतं कुणालाच ठाऊक नाही. मिस क्लॅक ही धर्मवेडी बाई तर उशांखाली उपदेशाच्या पुस्तिका लपवत हिंडते आणि स्वतःच्याही नकळत महत्त्वाचं काही सांगून जाते. तिची पानं वाचताना मी मोठ्यानं हसले. उत्तरार्ध मात्र मधे रेंगाळतो. रेचेल बोलत नाही म्हणून पुस्तक लांबतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

उकल कळल्यावर मी वाढदिवसाच्या मेजवानीचं प्रकरण पुन्हा काढलं. सगळं तिथंच लिहिलेलं होतं, जेवणाच्या गप्पांत. इतकी प्रामाणिक लबाडी मी दुसऱ्या रहस्यकथेत पाहिलेली नाही.

आणखी एक गोष्ट कॉलिन्सच्या बाजूनं लिहायला हवी. यॉर्कशरच्या त्या घरात जो तो दुसऱ्या चोरीचा माग काढतो. पहिल्या चोरीबद्दल, श्रीरंगपट्टणच्या, कुणी चौकशी नेमत नाही. लेखक मात्र ती विसरत नाही. कोहिनूर 1849 मध्ये इंग्रजांच्या हाती गेला होता, 1857 ला जेमतेम 11 वर्षं झाली होती. अशा दिवसांत हिरा परत न्यायला त्याच्यामागे इंग्लंडात आलेल्या तीन ब्राह्मणांचा हक्क त्यानं खरा मानला. ते काही संत नाहीत, माणूस मारायला कचरत नाहीत. पण त्यांना हिरा विकायचा नाही आणि मिरवायचाही नाही. सोमनाथची मूर्ती चुकवलेल्या लेखकाला मी तिथं माफ केलं.

वाचणार असाल तर एक करा. अभ्यासकांच्या प्रस्तावना असलेल्या आवृत्त्यांत चोराचं नाव बरेचदा पहिल्या काही पानांतच फुटलेलं असतं. ती प्रस्तावना शेवटी वाचा, आणि वाचून झाल्यावर कुणाला चोर सांगू नका.