अब्बांच्या गोळ्या आणि सात वाजताच्या बातम्या

घरात ऐंशीच्या आसपासचे आईवडील असले की दोन विषय टळत नाहीत. एक औषधांचा, दुसरा बातम्यांचा. बऱ्याच घरांत हे विषय वेगवेगळे असतात. आमच्याकडे ते एकच झाले आहेत. बातमी वाईट आली की अब्बांची गोळी राहते, आणि गोळी राहिली की दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी कुणाला तरी रजा टाकून चिरनेर गाठावं लागतं.

आम्ही चार भावंडं. थोरली आपा मुंब्र्याला, मधले दोघे पनवेलला, धाकटा कतारला. अब्बा ब्याऐंशीचे, अम्मी शहात्तरची. दोघं चिरनेरच्या कौलारू घरात राहतात आणि तिथून हलायला तयार नाहीत. पनवेलच्या फ्लॅटमध्ये त्यांच्यासाठी खोली आहे, इमारतीला लिफ्ट आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. अम्मी येते, चार दिवस राहते आणि पाचव्या दिवशी पिशवी भरते. म्हणते, "इथं दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार. कोंबड्यांना कोण बघणार?" अब्बा तेवढंही बोलत नाहीत. टोपी घालतात आणि चालू लागतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून त्यांना परतीच्या भाड्यासाठीही आमच्याकडे बघावं लागत नाही.

अब्बांचा हट्ट समजून घ्यायचा तर चिरनेर समजून घ्यावं लागतं. २५ सप्टेंबर १९३० ला इथल्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानातून सरपण आणलं, त्याच रानात कोयता चालवला की गुन्हा, असा सरकारचा कायदा होता. आसपासच्या गावांतली माणसं तो मोडायला माळावर जमली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ जण हुतात्मे झाले. त्या गोळीबारात मामलेदार जोशींचाही जीव गेला. पुढे गावकऱ्यांवर खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. अब्बांचा जन्म त्यानंतरचा. पण त्यांनी हे सगळं आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. दरवर्षी २५ सप्टेंबरला ते धुतलेला सदरा घालून हुतात्म्यांच्या स्मारकावर जातात. पाय दुखत असले तरी जातात. "ऊन आहे, आज राहू द्या," असं म्हणायची सोय नाही.

म्हणून राजकारणाची बातमी त्यांना लांबची वाटत नाही. दिल्लीत किंवा मुंबईत कोण कुठल्या पक्षात गेलं, यावर ते फारसे बोलत नाहीत. पण जमिनीचा विषय निघाला की कान टवकारतात. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात शेतकरी उठले आणि गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा अब्बा ऐन उमेदीत होते. २००६ नंतर उरण, पनवेल आणि पेणच्या गावांवर महामुंबई सेझ येणार म्हणून गावोगाव बैठका झाल्या, त्यातल्या बऱ्याच बैठकांना ते हजर होते. सेझ पुढे बारगळला. मग जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी एमएमआरडीएला प्राधिकरण नेमलं गेलं. तीन तालुक्यांतली १२४ गावं त्यात आहेत. लोक त्याला 'तिसरी मुंबई' म्हणतात. आम्ही शहरात राहणारी माणसं भावाचा विचार करतो. अब्बांना त्यात आपला गट नंबर दिसतो. त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राचं पान घडी करून कुरआनशरीफच्या कपाटाखालच्या खणात, सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या प्रकारच्या बातम्याही आहेत, त्या आपल्या वाचकांना वेगळ्या सांगायला नकोत. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यावर वादळ उठलं तेव्हा अब्बांनी घरातले सगळे कागद चटईवर मांडले. शाळेच्या दाखल्यावर त्यांचं नाव एका तऱ्हेने, सातबाऱ्यावर दुसऱ्या आणि आधारवर तिसऱ्या तऱ्हेने. कुणी 'शेख' लावलंय, कुणी गाळलंय. जन्मतारीख तर शाळेत गुरुजींनीच घातलेली. त्यावर ते हसलेही, पण रात्री झोपले नाहीत. "आमच्या बापजाद्यांची हाडं इथं आहेत, कागद कमी पडले तर ती दाखवायची का?" असं त्यांनी विचारलं. आमच्याकडे त्यावर उत्तर नव्हतं.

२०२५ हे वर्ष तर त्या घरावर चढतंच आलं. जानेवारीत चिरनेरमध्ये बर्ड फ्लू निघाला. सरकारी पथकं आली आणि कोंबड्या मारून पुरल्या. त्यात अम्मीच्याही गेल्या. ती कुणाला काही बोलली नाही, पण रिकाम्या खुराड्याला रोज संध्याकाळी कडी लावत राहिली. मार्चमध्ये रमजान आला. अब्बा सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या वयात एवढा वेळ उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली येईल. आजारी माणसाला शरियतने सवलत दिलेली आहे. जो पुढेही रोजे ठेवू शकणार नाही, त्याने फिदया म्हणून गरिबाला जेवू घालावं, हेही सगळ्यांना ठाऊक. अब्बांनाही ठाऊक. तरी पहिले दोन रोजे त्यांनी ठेवले. तिसऱ्या दिवशी असरच्या सुमारास अंगाला घाम सुटला, हात थरथरू लागले. अम्मीने साखरेचं पाणी तोंडाला लावलं म्हणून निभावलं. मग आपाने एका जाणत्या मौलवींना घरी आणलं. ते एवढंच म्हणाले, "चाचा, अल्लाहने दिलेली सवलत नाकारणं ही इबादत नव्हे." अब्बांनी मान खाली घातली आणि उरलेल्या दिवसांचा हिशेब करून फिदया काढला.

ईद ३१ मार्चला झाली. दोनच दिवसांनी लोकसभेत वक्फ दुरुस्ती विधेयकावर चर्चा सुरू झाली. २ एप्रिलची रात्र उलटून गेली तरी अब्बा टीव्हीसमोरून उठले नाहीत. मध्यरात्रीनंतर मतदान झालं, बाजूने २८८ आणि विरोधात २३२. दुसऱ्या रात्री राज्यसभा, तेव्हाही तेच. दोन रात्री जागरण, जेवण वेळीअवेळी, एक इंजेक्शन राहिलेलं. तिसऱ्या दिवशी साखर चारशेच्या घरात.

त्या आठवड्यात आम्ही चौघं फोनवर बराच वेळ बोललो. कुणी म्हणालं, केबल तोडून टाका. कुणी म्हणालं, सरळ उचलून पनवेलला आणा. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, पण तो न सांभाळणाऱ्या मुलांसाठी. सांभाळून न घेणाऱ्या आईवडिलांसाठी कुठलं न्यायाधिकरण नाही. आणि आईवडिलांपुढे 'उफ्' सुद्धा काढू नये, ही शिकवण तर लहानपणी अब्बांनीच आम्हाला पाठ करून घेतलेली. शेवटी आपा म्हणाली, "त्यांना बातमीची भीती नाही वाटत. बातमी आल्यावर आपण एकटे आहोत, याची वाटते."

त्यानंतर आम्ही पाळ्या लावल्या. दर जुम्याला एकाने चिरनेरला जायचं आणि रात्री मुक्काम करायचा. कतारवाल्याने रोज सातला व्हिडिओ कॉल करायचा. सातची बातमी तो तिथून आणि अब्बा इथून बरोबरच ऐकतात, मग टीव्ही बंद. मात्र आधी इन्सुलिन, मग जेवण, मग बातमी, हा क्रम अम्मीने ठरवला आणि तो मोडायची हिंमत अब्बांनाही नाही. मुक्कामाच्या रात्री आम्ही एकेक कागद हातावेगळा करतो. सातबारा आणि आठ-अ चे नवे उतारे काढले. नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र केलं. नवनगराविषयीचा अर्ज अब्बांनी स्वतः सांगितला, आम्ही लिहून घेतला. प्रत्येक ओळीवर त्यांनी दुरुस्ती केली. त्या रात्री गोळीची आठवण कुणाला करून द्यावी लागली नाही.

त्यांचे सगळे हट्ट सुटलेत असं नाही. कानाचं यंत्र अजून डबीतच आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन "पावसाळ्यानंतर" या बोलीवर दोन पावसाळे लांबलंय. पनवेलच्या खोलीतला पलंग रिकामाच आहे. नवनगराचं काय होणार, आमची जमीन त्यात जाणार की राहणार, याचा भरवसा आज कुणी देऊ शकत नाही. पण अम्मीने पुन्हा पाच तलंगा पाळल्या आहेत, आणि येत्या जुम्याला जाणाऱ्याने त्यांच्यासाठी कणी आणायची आहे. सोबत ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही. त्या संपत आल्यात, हे या वेळी अब्बांनी स्वतः फोन करून सांगितलं.