माझ्याकडे आलेले गृहखाते

माणूस निवृत्त झाला, की त्याला घर कसे चालवावे याविषयी फार मौलिक कल्पना सुचू लागतात. मलाही सुचत. गेली चार वर्षे स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी त्या फुकट वाटत आलो. मग दिवाळीच्या तोंडावर आमच्या हिच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. "आठवडाभर शेगडीपाशी जायचे नाही, वाकायचे नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही," असे डॉक्टरांनी बजावले आणि गृहखाते आपोआप माझ्याकडे आले.

सोमवारी दूध उतू गेले. साय धरली की वाफ खाली कोंडते आणि साय उचलून वर येते, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. फोनवर मुलीला मी तेच समजावून सांगत होतो. तेवढ्यात दुधाने ते ओट्यावर सिद्ध करून दाखवले.

मंगळवारी कुकर शिट्टीच देईना. अर्ध्या तासाने आतून आवाज आला, "अहो, झाकणावर शिट्टी ठेवलीत का?" शिट्टी मांडणीत, वाट्यांच्या मागे स्वस्थ बसली होती.

पण सुखेही होती. दिवसातून चार वेळा मोबाइलचा गजर होई आणि मी डोळ्यात औषध घाली. पहिला थेंब नाकावर पडला, दुसरा कानाच्या वाटेला लागला. बुधवारपर्यंत हात बसला. लग्नाला अडतीस वर्षे झाली, पण हिच्या डोळ्यांकडे दिवसातून चार वेळा इतके जवळून मी कधी पाहिले असेन, असे वाटत नाही. दुपारी मी दिवाळी अंक मोठ्याने वाची आणि विनोदी कथेत ती माझ्या आधी हसे.

गुरुवारी गावाहून आलेले तांदूळ निवडायला घेतले. चष्मा वर-खाली करून माझी मान अवघडली. ही म्हणाली, "आणा इकडे ते ताट."

"अगं, तुला दिसणार आहे का?"

तिने उत्तर दिले नाही. बोटे तांदळावरून हलकेच फिरली, थांबली आणि एक खडा बाहेर आला. मग दुसरा.

"वर्षभर अशीच निवडतेय," ती म्हणाली.

त्या वर्षभरात दाताखाली खडा आला, की मी गालावर हात धरून सारे घर डोक्यावर घेत असे. "हल्ली तुझे लक्ष नसते," हे वाक्य तर माझे पाठच झाले होते.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या गुडघ्याचे चालले होते ना. म्हटले, एका वेळी एकच दुखणे बरे."

यावर मला एकही मौलिक कल्पना सुचली नाही.

शुक्रवारी सकाळी गॅलरीत उभी राहून ती म्हणाली, "अहो, हा तुमचा सदरा निळा आहे? मी इतके दिवस राखाडी समजत होते." कुंडीतली जास्वंद, शेजारणीची साडी, सगळे तिने नव्याने पाहून घेतले. शेवटी माझ्याकडे वळली. "आणि तुमचे केस इतके पांढरे केव्हा झाले हो?"

शनिवारी चकल्या. भाजणी हिने आधीच करून ठेवली होती. कमलाबाई ओगल्यांची १९७० सालची 'रुचिरा' मी समोर उघडी ठेवली आणि खुसखुशीतपणाच्या लोभाने तेलाचे मोहन मात्र स्वतःच्या अकलेने घातले. कढईत पडताच चकलीचे काटे सुटले, वेटोळे सुटले, खाली चुरा उरला. माझी शांतता ऐकूनच ही बाहेरून म्हणाली, "मोहन जास्त झाले. आणखी भाजणी गरम पाण्यात भिजवून त्यात मळा." पुढच्या चकल्या धड उतरल्या. चुरा आम्ही दह्यात कालवून खाल्ला. चकलीपेक्षा तोच चांगला लागला, हे कोणाला सांगू नका.

रविवारी दुपारी पाने मांडली. भात मी स्वतः निवडलेल्या तांदळांचा. तिसऱ्या घासाला हिच्या दाताखाली कर्रर्र असा स्पष्ट आवाज झाला. मी मान खाली घालून वाट पाहू लागलो.

हिने तो खडा हळूच ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, "वरण छान झालंय हो."