उरलेल्या एका तासाचा हिशोब

एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांत, वसतिगृहांत, विहारांत फलक लागतात. सलग अठरा तास अभ्यास. पोरंपोरी पहाटे सहाला सतरंजीवर बसतात ते रात्री बाराला उठतात. चांगली गोष्ट आहे. डीजे लावून रस्त्यावर नाचण्यापेक्षा शंभर पटीनं चांगली. माझा विरोध नाही. पण दोस्तांनो, त्या सतरंजीवर डाळमिलचा कामगार कधी दिसला का? मोंढ्यातला हमाल दिसला का? दिसत नाही. मग आपलेच कार्यकर्ते बैठकीत बोलतात, कामगारांत जागृती राहिली नाही, सगळा मोबाइलात आणि बाटलीत गेला. मी स्वतः लातूरच्या एका डाळमिलमध्ये कामाला आहे. जागृती कुठं गेली ते मला माहीत आहे. ती घड्याळात गेली. म्हणून हा हिशोब.

माझी पाळी सकाळी सात ते संध्याकाळी सात. बारा तास. माझं गाव चाकूर रस्त्यावर, लातूरपासून वीसेक किलोमीटर. सकाळची एसटी पावणेसहाची. ती चुकली तर अर्धी हजेरी गेली. लातूरच्या स्टँडवर उतरून एमआयडीसीपर्यंत पायी. संध्याकाळी परत तेच, फक्त अंगात जीव नसतो आणि गाडीत जागा नसते. जाण्यायेण्याचे तीन तास. झोप सहा तास. पाणी, आंघोळ, जेवण, बाजार, लाइट बिल, आजारी माणसाला दवाखान्यात नेणं, मयतीला जाणं, ह्या सगळ्याला मिळून दोन तास धरा. बारा आणि तीन पंधरा. पंधरा आणि सहा एकवीस. एकवीस आणि दोन तेवीस. चोवीसातून तेवीस गेले, राहिला एक.

तो एक तास माझा. त्यात मी वाचायचं, कविता लिहायची, बैठकीला यायचं, बायकोशी बोलायचं आणि व्यायामही करायचा.

व्यायामाचं खरंच सांगतो. पाठीत चमक भरली म्हणून एका डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, "व्यायाम करता का? रोज अर्धा तास तरी चाला." मी म्हणालो, साहेब, पन्नास किलोचे दोनशे कट्टे रोज ह्या पाठीवरून जातात. गुणाकार करा, दहा टन होतात. तो हसला. म्हणाला, मग तुम्हाला व्यायामाची काय गरज! आधी गरज होती, मग नव्हती. गोळ्या मात्र दोन्ही वेळा लिहिल्या.

लोकांना वाटतं, अंगमेहनतीचा माणूस म्हणजे पैलवान. हे खोटं आहे. तालमीतला पैलवान सगळे सांधे फिरवतो, मग मातीत पडून विसावा घेतो, दूध पितो. अंग विसाव्यात भरतं, उचलताना नाही. आमचं उलटं. तेच वजन, त्याच खांद्यावर, तीच थप्पी. आमच्यातल्या जुन्या माणसाला मागून बघा, एक खांदा खाली उतरलेला दिसेल. त्याला पीळदार शरीर म्हणत नाहीत, झीज म्हणतात. वर धूळ. तूर आधी चाळणीवर जाते, मग रोलवर तिला चरे पडतात, मग तेलपाणी लावून उन्हात वाळवायची, पुन्हा रोल, मग फोडणी, मग पॉलिश. ह्या प्रत्येक ठिकाणी टरफलाची बारीक भुकटी उडते. नाकाला रुमाल बांधला तरी रात्री थुंकी पिवळी येते. आणि जी डाळ पॉलिश होऊन चमकते ती आमच्या ताटात नसते. आम्ही चुरी नेतो. तिचं वरण इतकं पातळ की ताटाचा तळ दिसतो. अंग कमवायला डाळ खा म्हणतात. डाळ आम्हीच करतो, खातं दुसरंच कोणी.

पहाटे एसटीच्या खिडकीतून मला रोज पळणारी पोरं दिसतात. अंधारात, रस्त्याच्या कडेनं, अनवाणी सुद्धा. पोलीस भरतीची पोरं. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, मिळून मैदानी पन्नास गुण. त्यांत आपली पोरं भरपूर आहेत. ती तब्येतीसाठी पळत नाहीत, हजेरीवरच्या कामातून सुटण्यासाठी पळतात. त्यांचं मला कौतुक आहे, काळजीही आहे. जागा थोड्या, पळणारे लाखानं. वय निघून गेलं की ह्यातलीच पोरं मिलच्या गेटवर उभी राहतात, आणि मुकादम त्यांच्या छातीकडं बघून म्हणतो, "हे चालतंय, घ्या थप्पीवर."

ह्याच लातुरात दुसरं एक जग आहे. ट्युशन एरिया. लातूर पॅटर्नचं नाव ऐकून पार कुठून कुठून पोरं येतात, डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी बारा-बारा तास अभ्यासाला बसतात. ती बारा तास बसतात, आम्ही बारा तास उभे. त्यांच्या बारा तासांसाठी मागं कोणीतरी शेत विकलं, कोणी कर्ज काढलं. म्हणजे वेळ विकत मिळतो. ज्याच्याकडं पैसा आहे तो पोराला वेळ घेऊन देतो. ज्याच्याकडं नाही तो स्वतःचाच वेळ विकतो.

आता बाबासाहेबांच्या अठरा तासांकडं येतो. आपण अठरा हा आकडा पाठ केला, त्याच्या मागचा हिशोब पाठ केला नाही. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळं कुटुंब. अभ्यासाला जागा नाही. म्हणून वडील रामजीबाबा पोराला लवकर झोपवायचे आणि रात्री दोनला उठवायचे. बापानं आपली झोप मोडून पोराला वेळ काढून दिला. पुढं १९१३ ला बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती, म्हणून अमेरिका. नंतर लंडनच्या शिक्षणाला शाहू महाराजांची मदत. आणि ह्या सगळ्या काळात मुंबईत रमाईनं काढलेले दिवस. ते अठरा तास एकट्याचे नव्हते. त्यांत अनेकांच्या झोपेचे, भुकेचे तास मिळवलेले होते.

आणि पुढं? हाच माणूस १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाला. तिथं त्यानं कामगारांना सांगितलं नाही की माझ्यासारखे अठरा तास राबा. त्याच्या काळात कारखाना कायद्यात दुरुस्ती आली आणि आठवड्याचे चोपन्न तास अठ्ठेचाळीसवर आले. सहा दिवसांनी भागा, रोजचे आठ. ज्यानं स्वतः अठरा तास अभ्यास केला त्यानं आपल्यासाठी आठ तासांचं काम मागितलं. त्याला ठाऊक होतं की शिकायला वेळ लागतो, संघटनेला वेळ लागतो, लढ्यालाही वेळ लागतो. जयंतीला आपण अठराचा फलक लावतो, आठाचा कोणी लावत नाही.

आठ तासांनी काय होतं ते मी घरात ऐकलेलं आहे. माझा आजा नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये होता. निजामाच्या काळातली मिल, आता बंद. आजा सांगायचा, भोंगा झाला की पाळी सुटली, मग आपण आपले. पाळी सुटल्यावर त्याच्या वस्तीत पेपर मोठ्यानं वाचला जायचा, जलशाची तालीम चालायची, रात्रीची शाळा भरायची. आजा सही करायला तिथंच शिकला. १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, मराठवाडा पेटला, नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं. सोळा वर्षं मोर्चे काढायला, पत्रकं वाटायला, जेलात जायला माणसांकडं अंगात थोडी ताकद आणि हातात थोडा वेळ लागतो. ज्यांच्याकडं तो नव्हता, त्या शेतमजुरांनी रोज बुडवून, पोट मारून तो दिला. आज नांदेडला गेलो की म्हातारी माणसं विचारतात, "तुमची पोरं का येईनात रं मोर्चाला?" मी पाळी सांगतो. ते म्हणतात, बारा? आणि गप्प बसतात.

आता हे बारा सरकारी कागदावरही आले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा करायला मंजुरी दिली. तिमाहीच्या जादा कामाची मर्यादा एकशे पंधरा तासांवरून एकशे चव्वेचाळीस. सांगतात की आठवड्याची मर्यादा तीच आहे, आणि कामगाराची लेखी संमती घेतली जाईल. नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिताही लागू झाल्या, त्यांत वीज वापरणारा कारखाना म्हणजे वीस किंवा जास्त कामगारांचा. मिलच्या गेटवर उभं राहून हे वाचा. वीसच्या आत हजेरीबुकात नावं ठेवली की मिल कारखान्याच्या व्याख्येच्या बाहेर. आणि लेखी संमती? ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही तो कोणत्या कागदावर सही करणार नाही? जादा तासाला दुप्पट मजुरी हा नियम जुना आहे. मी बारा तास करतो, हजेरी एकच लागते. दुप्पट राहू द्या, जादाचा तास हा शब्दच तिथं कोणी उच्चारत नाही.

तास कोणाचे किती जातात ह्यात जातही आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा, म्हणून आपल्या ओठांचा विटाळ. चांगला पगार त्याच खात्यात होता. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न लावून धरला. आज विटाळ कोणी तोंडानं बोलत नाही. पण चाळणीच्या धुळीत कोण, थप्पीवर कोण, आणि रंगावरून डाळ निवडणाऱ्या सॉर्टेक्स मशीनच्या थंड खोलीत कोण, ती नावं एकदा ओळीनं लिहून काढा. आडनावं आपोआप बोलतील.

आणि बाया. आमच्यासोबत झाडलोट आणि पोती शिवायला बाया आहेत. २०२३ पासून एसटीत त्यांना अर्धं तिकीट झालं, तेवढा आधार. पण घरी गेल्यावर मी पाट्यावर बसतो आणि ती चुलीपुढं. माझ्या हिशोबात एक तास उरतो, तिच्या हिशोबात उणे दोन. तिची झोप चार तासांची. आपल्या बैठकीत बाया येत नाहीत म्हणून बोलणाऱ्यानं आधी हे उणे दोन भरून द्यावेत. भांडी घासून द्यावीत.

२०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटी कामगारांचा संप चालला. त्यांची मागणी रास्त होती, मी त्यांच्या बाजूचा. त्या महिन्यांत मी सायकलनं लातूरला जायचो, जाऊन येऊन चाळीस किलोमीटर. पोट सपाट झालं, पिंढऱ्या दगडासारख्या. गावात पोरं म्हणायची, "काय बॉडी बनवलास रं!" त्या सगळ्या महिन्यांत मी एक ओळ लिहिली नाही, एक पान वाचलं नाही. तेव्हापासून मी तब्येत बघताना पिंढरी बघत नाही. रात्री पुस्तक उघडल्यावर किती पानं डोळे उघडे राहतात ते बघतो. माझ्या मते तब्येतीचं माप तेच. काम करून आल्यावर माणसात माणूस किती उरला.

म्हणून माझं म्हणणं असं. येत्या चौदा एप्रिलला अठरा तास अभ्यास करा, पण साखळीनं करा. एक जागा अठरा तास रिकामी राहू द्यायची नाही, बसणारे बदलतील. नऊ कामगार, दोन-दोन तास. पाळीवर जाताना कोणी, पाळीवरून येताना कोणी. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्यानं वाचून दाखवावं. वाचायला जाडी पुस्तकं नकोत. पगाराची चिठ्ठी आणा, हजेरीची पद्धत समजून घ्या, जादा कामाचा नियम वाचा.

दुसरं, बैठका रात्री नऊला ठेवू नका. आणि आलेला कामगार पेंगला तर त्याला बोलू नका. तो झोप मोडून आला आहे. बैठक सुट्टीच्या दिवशी घ्या, नाहीतर सरळ स्टँडवर या. लातूरच्या गाडीत तासभर आम्ही उभेच असतो, तिथं या.

तिसरं, प्रत्येकानं दहा रुपयांची वही घ्यावी. गेटात शिरलो ती वेळ, गेटातून निघालो ती वेळ. बस, एवढंच लिहायचं, रोज. एकट्याच्या वहीला कोणी विचारत नाही. एका मिलमधल्या चाळीस वह्या घेऊन कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवल्या तर त्या वाचाव्या लागतात. आमच्या मिलमध्ये सध्या सहा वह्या झाल्या आहेत. त्यांतली एक बाईची आहे, तिला लिहिता येत नाही, ती घड्याळाचे काटे काढते.

जयभीम.