राजा एकच



आमच्या उज्जैनमध्ये एक जुनी समजूत आहे. या नगरीचा राजा महाकाल. म्हणून दुसऱ्या कोणा राज्यकर्त्याने इथे रात्री मुक्काम करू नये. आमची श्रद्धा वेगळी आहे, पण एका गावात दोन राजे नांदत नाहीत, हे आम्हांलाही पटते.

शिंद्यांची राजधानी इथे होती. दौलतरावांनी १८१० मध्ये ती ग्वाल्हेरजवळ लष्करला नेली. त्यामुळे 'राज्य' म्हटले की आम्हा इथल्या मराठी माणसांना वाडे, फौजा आणि सीमा आठवतात. पण प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत (मत्तय ६:९-१३) आपण जे राज्य यावे म्हणतो, ते नकाशावरचे नव्हे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मुलखापेक्षा सत्ता, राज्य करणे असा आहे. जिथे देवाची इच्छा चालते, तिथे त्याचे राज्य. म्हणूनच त्या मागणीला लागूनच त्याच्या इच्छेप्रमाणे होवो, अशी मागणी येते.

हे आम्ही उपासनेनंतर मुलांना अनेकदा शिकवले. स्वतः मात्र उशिरा शिकलो.

गावाकडच्या घराच्या वाटणीवरून आमचे थोरल्या दादांशी बोलणे बंद झाले होते. दोन खोल्या आणि मागचे अंगण, एवढाच वाद. सहा वर्षे आम्ही इथे आणि ते तिथे, संध्याकाळी तीच प्रार्थना म्हणत होतो. 'आमच्या' पित्याला हाक मारत होतो आणि त्या 'आमच्या'मधून एकमेकांना वगळत होतो. ओठांवर देवाचे राज्य होते. त्या दोन खोल्यांवर मात्र आमचेच.

उपवासकाळात एका संध्याकाळी मत्तयाचा सहावा अध्याय पुढे वाचला. प्रार्थना संपताच प्रभू तिच्यातल्या एकाच गोष्टीचा खुलासा करतो: क्षमेचा. राज्याचा नाही, भाकरीचा नाही. आपण क्षमा केली नाही तर पिताही करणार नाही, असे तो स्पष्ट सांगतो. वाचणारा आवाज तिथेच थांबला. घरात कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी फोन केला. काय बोलायचे ते ठरवले होते, ते सगळे विसरलो. "दादा, चुकलो," एवढेच निघाले. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "प्रार्थना झाली का तुमची?"

"अजून नाही."

"मग थांबा, बरोबरच करू."

वाटणीचा कागद अजून व्हायचा आहे. मोहरीचा दाणाही एका दिवसात झाड होत नाही. पण त्या संध्याकाळी ते राज्य म्हणजे काय, ते आम्हांला थोडे कळले.

प्रियजनहो, आज प्रार्थना म्हणताना त्या मागणीपाशी क्षणभर थांबा. आपल्या घरात कोणत्या खोलीत अजून आपणच राजे आहोत?

हे स्वर्गीय पित्या, आम्हांला सिंहासनावरून खाली उतरव आणि तू राज्य कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.