उन्हाळी दुपार, गिटार आणि तुमचे कान

एप्रिल सुरू झाला की माझ्या ओपीडीत एक तक्रार हमखास वाढते. "डॉक्टर, रात्री पडल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखी वाटते." बहुतेक जण कॉलेजातले, सुट्टीत घरी आलेले. नागपुरात दुपारी बारानंतर बाहेर पडायची सोय नसते. मग खिडक्या बंद, कूलर फुल्ल आणि कानात इअरफोन. मी विचारते, "काय ऐकतोस?" हा प्रश्न तपासणीचा भाग नाही, मला त्यात रस आहे म्हणून विचारते. क्वचित कुणी चाचरत एखाद्या इंडी रॉक बँडचं नाव घेतो आणि मग बाहेरचे रुग्ण खोळंबतात.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. छोट्या, स्वतंत्र कंपन्यांकडून गाणी काढणाऱ्या बँडांचं संगीत ते इंडी रॉक. पॉवर पॉप म्हणजे चटकन ओठांवर बसणारी चाल, दोन-तीन गळ्यांचं एकत्र गाणं, खणखणीत इलेक्ट्रिक गिटार आणि तीन-चार मिनिटांत खेळ खलास. अमेरिका-ब्रिटनमध्ये दर वर्षी 'उन्हाळ्यात ऐकायचे अल्बम' अशा याद्या निघतात आणि त्यांत ही मंडळी असतातच. पण त्यांचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, थोडक्या दिवसांचा. ऊन पडलं की ते घराबाहेर धावतात, गाडीच्या काचा खाली करून आवाज वाढवतात. आपण उन्हापासून दार लावून घेतो. म्हणून त्यांची कसोटी आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. माझी कसोटी वेगळी आहे: आवाज कमी ठेवला तरी ज्या अल्बमचं काही बिघडत नाही, तो उन्हाळ्याचा अल्बम.

यामागे कानाचं गणित आहे. आपल्या अंतर्कर्णात, कॉक्लिया नावाच्या गोगलगाईसारख्या वेटोळ्यात, प्रत्येक बाजूला साधारण १५,००० केसपेशी असतात. आवाजाच्या लाटांचं विजेच्या संदेशात रूपांतर त्या करतात. सतत मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात, मग मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. (कोंबडीच्या कानात उगवतात. माणसाला ती सोय नाही.) पहिला फटका बसतो तो ४,००० हर्ट्‌झच्या आसपास, ऑडिओग्रामवर तिथे खड्डा दिसतो. स, श, फ यांसारखी व्यंजनं याच उंच पट्ट्यात येतात. म्हणून असा रुग्ण सांगतो, "ऐकू येतं हो, पण शब्द कळत नाहीत."

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटांवर. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. आता कूलर आठवा. त्याची घरघर गाण्यावर चढते, म्हणून तुम्ही आवाज वाढवता. कानाला घरघरीची सवय होऊन जाते, पण वाढवलेला आवाज कमी करायचं कुणाला सुचत नाही. मुलगा सांगतो, "मी जास्त मोठ्याने ऐकत नाही." तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं.

ज्यांनी हे संगीत घडवलं, त्यांच्या कानांचं काय झालं? 'पॉवर पॉप' हा शब्द 'द हू' बँडच्या पीट टाउनशेंड यांनी १९६७ साली वापरला. त्यांना पुढे श्रवणदोष आणि टिनिटस, म्हणजे कानात सतत आवाज येणं, जडलं. त्यांचा बँड गडगडाटासाठीच ओळखला जायचा, त्यामुळे दोष स्टेजला द्यावा असं आपल्याला वाटेल. पण स्वतः टाउनशेंड स्टुडिओतल्या हेडफोनकडे बोट दाखवतात. बॉस्टनचा 'मिशन ऑफ बर्मा' १९८३ साली थांबला, कारण गिटारवादक रॉजर मिलर यांचं टिनिटस वाढत चाललं होतं. २००२ मध्ये बँड परतला, तेव्हा ते नेमबाज लावतात तसली जाड कानटोपणं घालून वाजवत. औषधाने हे बरं झालं असतं, तर एवढा खटाटोप कुणी केला नसता.

उलट उदाहरणही आहे. या साऱ्या उन्हाळी संगीताचे पूर्वज म्हणजे 'बीच बॉइज'. त्यांच्या ब्रायन विल्सन यांना उजव्या कानाने लहानपणापासून जवळजवळ ऐकू येत नव्हतं. १९६६ चा 'पेट साउंड्स' त्यांनी मोनोमध्येच बनवला. दोन स्पीकरमध्ये विभागलेला आवाज त्यांना कळणार कसा? एका कानावर त्यांनी काय उभं केलं ते ऐका. आणि तुमच्याकडे दोन आहेत, हे लक्षात ठेवा.

आता माझी निवड. मेम्फिसच्या 'बिग स्टार'चा १९७२ चा 'नंबर वन रेकॉर्ड' पहिला. वितरण नीट न झाल्याने तेव्हा तो फारसा कुणापर्यंत पोचला नाही. पुढच्या पिढीतल्या बँडांनी मात्र तो पाठ केला. उत्तरार्धातली शांत गाणी तर मंद आवाजातच खुलतात. याचे गायक अॅलेक्स चिल्टन २०१० मध्ये ५९ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. आधीच्या काही दिवसांत धाप लागून थंडी भरल्याचा त्रास त्यांना झाला होता, पण आरोग्यविमा नसल्याने ते डॉक्टरकडे गेले नाहीत, असं त्यांच्या पत्नीने नंतर सांगितलं. विषय कानाचा असला तरी हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. साध्या कामाने धाप लागायला लागली, तर 'ऊन बाधलं असेल' म्हणून बसून राहू नका.

माझा सगळ्यात लाडका म्हणजे स्कॉटलंडच्या 'टीनएज फॅनक्लब'चा १९९७ चा 'साँग्ज फ्रॉम नॉर्दर्न ब्रिटन'. त्यांचा १९९१ चा 'बँडवॅगनेस्क' जास्त गाजला, पण त्यात गिटारची धूळ जास्त आहे आणि ती धूळ उडायला आवाज लागतो. १९९७ च्या अल्बममध्ये तिघे गीतकार आळीपाळीने गातात, इतर मागून सूर धरतात आणि सगळं कसं सावलीत बसल्यासारखं वाटतं. न्यू जर्सीच्या 'द फीलीज'चा 'द गुड अर्थ' (१९८६) त्याहून हळुवार. गायक जवळजवळ पुटपुटतो आणि गिटारची लय न थांबता चालत राहते. दुपारी दोन ते चार या वेळेसाठी याहून योग्य काही मला सापडलेलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या 'गो-बिटवीन्स'चा '१६ लव्हर्स लेन' (१९८८) बँड लंडनची वर्षं संपवून मायदेशी परतल्यावर सिडनीत झाला. घरचं ऊन त्यात ऐकू येतं, असं मला तरी वाटतं.

ऐकायचं कसं? शक्यतो खोलीत लहान स्पीकरवर. इअरफोन लावायचेच असतील तर कूलरपासून दूर बसा. बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन घेतले तर आवाज वाढवायची गरजच कमी होते. तिथे खर्च केलेले पैसे वाया जात नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवता येते, ती ठरवून टाका. हाताच्या अंतरावरून कुणी साधं बोललं आणि ते ऐकू आलं नाही, तर आवाज जास्त आहे. तासाभराने कान मोकळे ठेवा. घामेजलेल्या कानात इअरबड तासन्‌तास ठेवल्याने खाज आणि जंतुसंसर्गही होतो. मित्राचे इअरबड तर नकोच.

मोठ्या आवाजानंतर शिट्टी वाजत राहिली, तर दोन दिवस कानांना पूर्ण विश्रांती द्या. तरी थांबली नाही, तर श्रवणचाचणी करून घ्या. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर 'मळ असेल' म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. अशा वेळी स्टिरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल, तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते.