पहिल्या भेटीला जाताना

मैत्रिणींनो, मी चिखलदऱ्याला राहते म्हटलं, की समोरची लगेच म्हणते, "नशीबवान हो तुम्ही! थंड हवा, डोंगर, कॉफीचे मळे!" खरंच आहे ते. पण पावसाळ्यात धुकं उतरलं, की चार-चार दिवस शेजारचं घर दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी तशाच दिवसांत माझी झोप उडाली. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. क्षुल्लक गोष्टीवरून डोकं भडकायचं. एकदा मुलीच्या हातून दूध सांडलं, तर मी तिला नको तेवढं मारलं. पुढं एका सकाळी वेणी घालायला हात उचलला, अन् पोरीनं झटकन डोळे मिटून मान खाली घातली. तेव्हा ठरवलं, आता कुणाला तरी दाखवायचंच.

सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, तुले काय कमी हाय?" ह्यांनीही हसण्यावारी नेलं. इथली कोरकू बाई जिवाला बरं नसलं, की भुमकाकडे जाऊन सांगून मोकळी होते. आपणच कुढत बसतो! शेवटी भिशीचे पैसे घेतले, परतवाड्याचा घाट उतरले आणि अमरावती गाठली.

तिथं काय होतं, हे आधी कळलं असतं तर निम्मी भीती गेली असती. म्हणून तुम्हांला सांगते.

आधी कुणाकडे जातोय ते समजून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते औषध लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक औषध देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. शिक्षण, नोंदणी, फी, आयत्या वेळी जाता आलं नाही तर पैसे द्यावे लागतील का, हे सारं फोनवरच विचारा. साडी घेताना आपण किती चौकशी करतो!

पहिली भेट साधारण पाऊण तासाची. त्यात प्रश्नच फार. झोप, भूक, पाळी, जुनी दुखणी, माहेर, सासर. माझी थायरॉइडची तपासणीही करून घ्यायला सांगितली. "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" असंही विचारतील. दचकू नका, आणि असेल ते खरं सांगा.

मी तर अर्धा वेळ रडलेच. बाईंनी ना सल्ला दिला, ना दोष. परतीच्या एस.टी.त मला रागच आला, एवढे पैसे मोजून नुसतं रडून आले! पण तिसऱ्या-चौथ्या भेटीत उमगलं, की सल्ले देणारे घरोघरी आहेत, मधेच न तोडता ऐकून घेणारं कुणी नव्हतं. राग येण्याआधी काय झालं, ते वहीत लिहायला बाईंनी सांगितलं. लिहिता लिहिता मला माझाच राग आधी ओळखता येऊ लागला.

"गावभर होईल" ही भीती मलाही होती. अमरावतीत आमचे निम्मे नातेवाईक! पण 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुमची माहिती गुप्त राखण्याचा हक्क तुम्हांला दिला आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयानं मागितली, अशा वेळी अपवाद असतो. पहिल्याच दिवशी तसं स्पष्ट विचारून घ्या. आणि चार भेटींनंतरही मन मोकळं होत नसेल, तर दुसरीकडे जा. त्यात कुणाचा अपमान नाही.

आता मी एकाआड एक भेट फोनवर घेते. घरात एकांत कुठला? पण हल्ली सासूबाईच म्हणतात, "जा वं, दार लावून बस. मी पाह्यतो पोरीले."

खाजगी फी परवडत नसेल, तर 14416 हा सरकारी टेलिमानस क्रमांक लक्षात ठेवा. 2022 पासून तो सुरू आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्रीही लागतो.

राग मला अजूनही येतो, खोटं कशाला सांगू? पण परवा मुलगी आपणहून फणी घेऊन पुढ्यात येऊन बसली. मी हात उचलला, तेव्हा तिनं मान खाली घातली नाही.