सांभाळ

काही आजार पाहुण्यासारखे येतात. कांजिण्या येतात, चार दिवस घर डोक्यावर घेतात आणि आल्या तशा निघून जातात. दुसरे काही आजार बिऱ्हाडकरूसारखे असतात. त्यांचा करारनामा नसतो, ते भाडे देत नाहीत, आणि जागा केव्हा सोडणार असे विचारले असता विषय बदलतात. तान्ह्या मुलाच्या अंगावर उठणारा इसब हा ह्या दुसऱ्या वर्गातला. तो सहसा जिवावर बेतत नाही, म्हणून बाहेरच्यांस त्याचे काही वाटत नाही. पण ज्या घरी तो राहून गेला आहे त्या घरातील माणसांस विचारावे. ह्या रोगाने मुलाच्या कातडीची जितकी परीक्षा होते, तितकीच घरातल्या माणसांच्या परस्परांशी वागण्याची होते, असे आमचे मत आहे. आणि तेवढे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमची धाकटी कन्या २००५ सालच्या सप्टेंबरात जन्मली. तिसरा महिना सरला आणि नागपुरास थंडी पडू लागली, तेव्हा तिचे दोन्ही गाल प्रथम गुलाबी, मग लाल आणि मग खरबरीत झाले. पहिले आठ दिवस शेजारपाजारच्या मंडळींनी त्या गालांचे कौतुक केले. नवव्या दिवशी कौतुकाचे रूपांतर सल्ल्यात झाले. आपल्या समाजात वैद्यकीचा परवाना प्रत्येकास जन्मतःच मिळालेला असतो. आमच्या मातोश्रींनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. बाळाला न्हाऊ घालावयास येणाऱ्या बाईने "लेकराले उष्णता झाली जी, दुसरं काही नाही," असे निदान करून डाळीचे पीठ व दुधाची साय सुचविली. एका आप्तांनी मोहरीचे तेल सांगितले, दुसऱ्यांनी कडुनिंबाचा पाला. आणि संत्र्याला विसरेल तो नागपूरकर कसला? वाळविलेल्या संत्रासालीच्या पुडीचा डबा घेऊन एक मावशी स्वतः चालत आल्या. ही पूड सुदृढ कातडीस उजाळा आणीत असेल. चिरा पडलेल्या गालास ती झोंबणार, हे कळावयास शास्त्र नको. तो डबा आम्ही मानाने वरच्या फळीवर ठेवला. ह्या सर्वांच्या मागे माया होती, ह्यात शंका नाही. परंतु दहा जणांची माया एकाच गालावर चोळावयाची म्हटली, तर तो गाल काय करील?

संक्रांत आली. पहिल्या संक्रांतीस बाळाचे बोरन्हाण व्हावयाचे. काळे झबले तयार होते, हलव्याचे दागिने तयार होते; आणि हलव्याचा गुणच असा की, त्याचा काटा जितका उठावदार तितकी करणारीची वाहवा अधिक. आमच्या सौभाग्यवतींनी आत जुन्या मलमलीचे अंगडे घालून त्यावर झबले चढविले व दागिने क्षणभर टेकवून काढून घेतले. बोरे, चुरमुरे, उसाचे करवे पोरांनी लुटले. इतक्यात बोलावलेल्या बायकांपैकी एकीने आपले मूल मागे ओढून हलक्या आवाजात विचारले, "लागट तर नाही ना हे?" प्रश्न हलक्या आवाजात विचारला म्हणून तो कमी लागतो असे नाही. सौभाग्यवतींचा चेहरा उतरला. तेव्हा आमच्या मातोश्री पुढे झाल्या, त्यांनी नातीला उचलले आणि तिच्या लाल गालाला आपला गाल लावून त्या सर्वांदेखत उभ्या राहिल्या. व्याख्याने देण्यात आमचा जन्म गेला, पण इतके नेमके उत्तर आम्हांस एकदाही साधलेले नाही.

वास्तविक इसब लागट नाही; एकाचा दुसऱ्यास तो होत नाही. मग ही भीती कोठून आली? आमच्या मते तिचे मूळ थोडेसे शब्दांत आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत व त्यांत इसबाशी जुळणाऱ्या विचर्चिकेची गणना आहे. तेथे कुष्ठ म्हणजे त्वचेचा विकार, इतका व्यापक अर्थ होता. पुढे तो शब्द आकसून महारोगापुरता उरला, पण त्याचे भय मात्र आकसले नाही. ते खरूज, नायटा, कोड, इसब अशा सर्वांवर सारखेच पसरून राहिले. कातडीवर काही दिसले की मनुष्य दोन पावले मागे सरतो आणि मग विचार करतो.

ह्याहून जाचक प्रकार म्हणजे दोषारोपाचा. मुलाच्या अंगावर काही उठले की घरोघर पहिली चौकशी होते ती आईच्या ताटाची. वांगे खाल्ले असेल, दाणे खाल्ले असतील, आंबट खाल्ले असेल. एकेक पदार्थ ताटातून उठत गेला आणि शेवटी अंगावर पाजणारी ती बाई वरणभात व दुधीभोपळा ह्यांवर येऊन ठेपली; गाल मात्र होते तसेच राहिले. काही मुलांस एखाद्या विशिष्ट अन्नाचे वावडे असते हे खरे, पण ते तपासून ठरवावयाचे, तर्काने नव्हे. दाण्यांच्या बाबतीत तर पुढे मोठा उलटा न्याय निघाला. तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेली ६४० तान्ही मुले घेऊन लंडन येथे केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांस भुईमुगापासून कटाक्षाने दूर ठेविले होते, त्यांच्यातच पाचव्या वर्षी त्याचे वावडे पुष्कळ अधिक आढळले. ज्यांस तो लहानपणापासून खाऊ घातला, त्यांच्यात फार कमी. अर्थात अशा मुलास दाणे कसे व केव्हा चारावेत हे डॉक्टरांस विचारूनच ठरवावे. परंतु केवळ भयाने पाळलेले पथ्य हे पथ्य नव्हे, एवढा बोध त्यातून खास निघतो.

शेवटी आम्ही धंतोलीतील एका वृद्ध बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मुलीकडे पाहिले, मग तिच्या आईकडे अधिक वेळ पाहिले आणि म्हणाले, "बाई, हा रोग तुमच्या हातून झालेला नाही, आणि तुमच्या हातून आठ दिवसांत जाणारही नाही. मात्र तुमच्या हातात पुष्कळ आहे." नंतर त्यांनी घराण्याची चौकशी केली. आमच्या वडिलांस दमा होता हे ऐकताच त्यांनी मान डोलावली. दमा, सततची सर्दी व शिंका आणि हा इसब ही पुष्कळदा एकाच कुळातली भावंडे असतात, असे त्यांनी समजावून दिले. दोष अशा रीतीने आईच्या ताटावरून उठून आमच्या वंशवृक्षावर जाऊन बसला. वांग्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

योगायोग असा की, त्याच वर्षी, २००६ साली, स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह ह्या रोगाचे एक मूळ शोधून काढले. कातडीच्या वरच्या थराची बांधणी घट्ट ठेवणारे व तिच्यात ओलावा टिकविणारे फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन आहे. ते घडविणाऱ्या जनुकात उपजत उणीव असली, तर इसब होण्याचा संभव बराच वाढतो. इसब असलेल्या सर्वांतच ही उणीव सापडते असे नाही. पण रोगाचे स्वरूप तिने उलगडते. भिंतीच्या विटा शाबूत, पण सांध्यांतला चुना झडलेला, असे समजावे. आतला ओलावा बाहेर जातो व बाहेरचे साबण, धूळ, जंतू आत शिरतात. खाज सुटते, मूल खाजविते, भिंत आणखी खचते आणि खाज आणखी वाढते.

तेव्हा उपचार म्हणजे रोजची डागडुजी. कोमट पाण्याने पाचदहा मिनिटांचे स्नान. डाळीचे पीठ, उटणे व सुवासिक साबण बंद. अंग पुसावयाचे नाही, टिपावयाचे. आणि अंग ओलसर असतानाच सर्वांगास मलम लावावयाचे. साधी पेट्रोलियम जेलीसुद्धा चालते; महाग डबीची गरज नाही. मात्र आपल्याकडे मलम कुंकवासारखे बोटाने टेकवितात. इंग्लंडमधील मार्गदर्शक सूचनांत इसब असलेल्या मुलासाठी आठवड्यास २५० ते ५०० ग्रॅम इतके प्रमाण सांगितले आहे, हे वाचून आम्हीही चकित झालो. धुरी बंद झाली. काकूंनी विणलेले लोकरीचे टोपडे सुती अस्तर लावल्यावरच डोक्यावर चढले. सर्वांत उत्तम वस्त्र ठरले ते मातोश्रींच्या जुनेराचे दुपटे. शेकडो धुण्यांनी मऊ झालेल्या त्या सुताची सर कोणत्याच नव्या कापडास आली नाही.

गाल फारच चिघळले की डॉक्टर सौम्य स्टिरॉइडचे मलम देत. ह्या औषधाविषयी समाजात दोन पंथ आहेत. एकास त्याचे नाव ऐकताच कापरे भरते. दुसरा दुकानातून हवी ती नळी आणून वाटेल तितके दिवस चोपडतो. १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर व विटन ह्यांनी हायड्रोकॉर्टिझोनच्या मलमाचा गुण प्रथम दाखवून दिला, तेव्हापासून ते ह्या रोगातले मोठे शस्त्र आहे; पण शस्त्र म्हटले की हात शिकलेला हवा. तीव्र जातीची मलमे दीर्घकाळ लावल्याने कातडी पातळ होते. त्यांची मनमानी विक्री थांबावी म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास बंदी केली. आमच्या डॉक्टरांनी तर बोटाने मापच शिकविले. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, व ती मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेस पुरते. किती दिवस लावावयाचे हे त्यांनी लिहून दिले आणि आम्ही ते भिंतीवरच्या कालनिर्णयात नोंदविले. पिवळसर खपल्या धरल्या, ताप आला, किंवा अंगावर एकाएकी पाण्याचे फोड उठले, तर घरी काही न करता तडक निघून यावे, अशी ताकीदही त्यांनी दिली होती.

दिवस कसाही जाई. कठीण होती ती रात्र. सहाव्या महिन्यात मुलीचे हात गालापर्यंत पोहोचू लागले आणि झोप संपली. पुढे उन्हाळा आला. वैशाखातल्या दुपारी नागपूरच्या हवेतला दमटपणा वीस टक्क्यांच्या खाली उतरतो. घामाचे मीठ चिरांत झोंबते. कूलरचा ओला वारा थेट अंगावर न घेता खोलीत खेळता ठेवावयाचा, मानेखालचा घाम टिपावयाचा, नखे कापलेली ठेवावयाची, ही आमची नवतपातली तपश्चर्या. बारापर्यंत सौभाग्यवती जागत, पुढे चारपर्यंत आम्ही, पहाटे मातोश्री. एका हाताने पाळणा व दुसऱ्या हाताने मुलीचे चिमुकले मनगट धरून आम्ही उत्तरपत्रिका मनातल्या मनात तपाशीत असू. दोघांपैकी एकाने चिडावयाचे नाही असा नियम केला होता. तो रोज मोडे, व रोज पुन्हा करावा लागे.

आणि तेथेच आम्हांस ह्या रोगाची गुरुकिल्ली सापडली. आपण सारे 'बरे होणे' ह्या एकाच शब्दाच्या मागे लागलेले असतो. आज उटणे, उद्या पाला, परवा नवा डॉक्टर; जो 'मुळासकट जाईल' म्हणेल तो खरा. मराठीत त्याहून नम्र असा एक शब्द आहे, सांभाळणे. आपण घर सांभाळतो, ताल सांभाळतो, म्हातारी माणसे सांभाळतो. त्यात विजयाची भाषा नाही, पण नित्याचा हात आहे. मुलाचा इसब सांभाळावयाचा असतो. ज्या दिवशी घरातील तिघांनी एकच रीत धरली, त्या दिवसापासून चांगल्या रात्री वाढू लागल्या. रोग तोच होता. घर मात्र बदलले होते.

बहुतेक मुलांचा इसब वाढत्या वयाबरोबर ओसरतो. आमच्या मुलीचे गाल दुसरे वर्ष सरता निवळले. कोपरांच्या लवणीत तो परीक्षेच्या सुमारास अजून डोकावतो. शिक्षणासाठी ती पुण्यास निघाली, तेव्हा तिच्या आईने लाडू, चिवडा, पांघरूण सारे आठवणीने भरले व मलमाची बरणी आणावयास कपाटाकडे वळली. कपाटात बरणी नव्हती. ती मुलीच्या पिशवीत आधीच गेली होती, आणि तिच्याखाली मातोश्रींच्या जुनेराची एक विटकी घडी होती.